माश्या सोडून दिलेला मोठा माणूस

अमरावती,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. देवमन यास,
ताईचे आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर मागच्या खेपेपेक्षा मोठं झालंय आणि ओळी उताराला लागल्यात. माझ्या वर्गात असतास तर पुन्हा लिहून आणायला लावलं असतं. फोन मात्र करू नकोस. मला अर्धं ऐकू येत नाही, उरलेलं अर्धं मी भलतंच ऐकते, आणि मग तू चिडतोस.

या वेळचा मोठा माणूस घे. तेनसिंगबरोबर एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचलेला एडमंड हिलरी. न्यूझीलंडचा, आणि धंद्यानं मधपाळ. बापानं मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या, दोघं भाऊ त्या सांभाळायचे. मधानं भरलेल्या पेट्या उचलून उचलूनच अंगात बळ आलं असणार. वाटाण्यावाल्या मेंडेलला तू पैकीच्या पैकी मार्क दिलेस आणि युक्रेनचे माजी अध्यक्ष युश्चेन्को यांना काठावर पास केलंस, कारण काय तर पुढारी माणूस पेट्यांपाशी बसतो कधी. आता हिलरीचं काय करतोस ते कळव. लोक निवृत्त झाले की शेत घेतात, तू मधमाश्या घेतल्यास, आणि दहा वर्षं मी तुला मधपाळ मोठी माणसं पुरवतेय. नावं संपत आली रे. मीही दमले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांचं काय सांगितलं? पत्रात संत्र्याच्या बहराबद्दल पानभर आहे, डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. मायाला जयभीम सांग.

लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
ललिता

—

अकोट,
२० नोव्हेंबर २०२४

ती. ललिताताईंना,
धाकट्या भावजयीचा, मायाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहीत आहे. यांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं टिकली तर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. हे मात्र आल्यागेल्याला सांगतात की मले सगळं दिसते, चष्म्याचा नंबर तेवढा बदलला.

दिवाळीआधी पेटी उघडली, तेव्हा माश्यांनी भरलेली एक चौकट काढून धुण्याच्या दगडाला टेकवून ठेवली. ती परत ठेवायची राहिली. दिसलीच नसावी. तसेच हे संत्र्याचे मळे बघायला मोर्शीला निघून गेले, ते दोन दिवसांनीच येणार होते. मी धुणं घेऊन बसले आणि हात नेमका तिच्यावर पडला. तोंड, मान, डोळ्याच्या कडा, कुठंच सोडलं नाही. श्वास अडकायला लागला तेव्हा शेजारच्या सहदेवभाऊंनी मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन होतं. पुन्हा असं झालं तर निभावेलच असं नाही, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. यांना मी फोनवर सांगितलं की तेल्हाऱ्याला बहिणीकडे आले आहे.

ताई, हे परत आले तेव्हा माझं तोंड सुजलेलंच होतं. समोर बसून जेवले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, आणि उठून पेट्यांकडे गेले. त्यांना दिसलं नाही. त्या दिवशी मला डोळ्यांचं खरं कळलं.

मी स्वतः सांगणार नाही. माझ्यामुळे माश्या गेल्या, हे मला उरलेलं आयुष्यभर ऐकायचं नाही. ते तुमचं ऐकतात. तुमच्या त्या मोठ्या माणसांमध्ये कोणीतरी मानानं माश्या सोडून दिलेला असेलच ना? तेवढा एक शोधून लिहून पाठवा. मी फार थकले आहे.

तुमची माया असावी.
आपली,
माया

—

अमरावती,
३ डिसेंबर २०२४

चि. देवमन यास,
अनेक आशीर्वाद, सप्रेम जयभीम.

हिलरीला डिस्टिंक्शन दिलंस, बरं वाटलं. आज आपल्याकडचाच माणूस पाठवते. इंग्रजांच्या काळात आपल्या प्रांतात खुशालराव नावाचे एक नामांकित न्यायाधीश होते. बंगल्याच्या आवारात वीस पेट्या. पुढे नजर मंद झाली तेव्हा त्यांनी कुरकूर न करता एका रविवारी सगळ्या पेट्या कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला देऊन टाकल्या, आणि संध्याकाळी शांतपणे व्हरांड्यात बसून त्या पलीकडे नांदताना पाहिल्या. धरण्याइतकंच सोडण्यातही मोठेपण असतं, असं ते म्हणत. मला हा माणूस फार आवडला. तुला कसा वाटतो?

इथं थंडी पडली आहे. गुडघे बोलायला लागले आहेत. सहा तारखेला अभिवादनाला जाईन, पण पायऱ्या चढवतील असं वाटत नाही.

आठवण ठेव.
तुझी,
ताई

—

अकोट,
११ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
देवमनचा साष्टांग जयभीम.

तुझ्या खुशालरावाला शून्य मार्क. ताई, असा माणूस झालाच नाही. पेट्या कुंपणापलीकडे नेल्या तर माश्या पलीकडे नांदत नाहीत. सकाळी चरायला जातात आणि परतताना जुन्या जागेवरच येतात. पेटी नाही म्हणून तिथंच घोळका करून बसतात आणि थंडीत मरतात. न्यायाधीशसाहेब व्हरांड्यात बसले असते तर त्यांना दिसलं असतं ते हे. पेटी न्यायची तर कोसभर तरी लांब न्यावी लागते. ज्यानं एक पेटी पाळली त्याला हे ठाऊक असतं. तू जन्मभर विज्ञान शिकवलंस आणि खोटं बोलायला हाच विषय निवडलास!

हे अनुपचं काम दिसतं. पोराला आम्हाला पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचं आहे. त्याला सांग, तुझ्या बापाले दिसत नसलं तरी समजते.

आता मी तुला एक माणूस पाठवतो. मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी त्याचं नाव ऐकलं होतं, आणि तू तो कधी पाठवतेस याची मी दहा वर्षं वाट पाहिली. स्वित्झर्लंडचा ह्यूबर. तरुणपणीच आंधळा झाला. तरीही राणीमाशीचा संयोग पेटीबाहेर, हवेत उडताना होतो, हे जगाला त्यानं दाखवून दिलं. नोकर बघून सांगायचा, हा विचार करायचा. बायको त्याला वाचून दाखवायची, त्याचं लिहून घ्यायची. मग मला काय कमी आहे? माया आहेच. तिला अजून माश्यांची थोडी धास्ती वाटते, पण होईल सवय. जानेवारीत बहर फुटला की पेट्या मोर्शीला न्यायच्या, तेव्हा चौकटी बघायला तिलाच घेणार आहे.

लोभ असावा. खोटं पुन्हा लिहू नये.
तुझा,
देवमन

—

अमरावती,
१८ डिसेंबर २०२४

चि. सौ. माया हिला,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पोरी, तुझं काम माझ्या हातून बिघडलं. मी खोटा न्यायाधीश उभा केला आणि देवमननं तो एका दमात निकालात काढला. वर एक आंधळा मधपाळ माझ्याच अंगावर घातला. मी वाचून काढलं. माणूस खरा आहे. त्याची नजर जाणार हे कळूनही त्याची होणारी बायको मागं हटली नाही. बापाचा विरोध होता, म्हणून सज्ञान होईपर्यंत थांबली आणि मग लग्न केलं. पुढे चाळीस वर्षं त्याचे डोळे झाली. वाचताना मला रडू आलं.

म्हणून विचारते, रागावू नकोस. जाळीची टोपी आणि हातमोजे घालून, जरा लांब राहून, तुला त्याच्या सोबत उभं राहता येईल का? माश्या गेल्या तर तो माणूस संपेल अशी मला भीती वाटते. तुझ्या जिवाचीही वाटते. मला काही सुचेनासं झालं आहे.

तब्येतीला जप.
तुझी,
ललिताताई

—

अकोट,
२७ डिसेंबर २०२४

ती. ताईंना,
मायाचा जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या बाईनं एवढं सगळं केलं, पण तिचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. यांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. राणीमाशीचं सगळं माहीत आहे.

ताई, तिनं आपण होऊन पत्करलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. एके दिवशी टेम्पोतून पेट्या उतरल्या आणि अंगणात लागल्या. तेव्हापासून मी पदर तोंडावर घेऊन धुणं वाळत घालते आणि पळत घरात येते. अभिवादनाची पांढरी साडी दरवर्षी घरातच वाळवते, कारण बाहेर घातली की माश्या वरून जाताना पिवळे ठिपके टाकतात आणि ते निघत नाहीत. मी कधी तक्रार केली नाही. एक माणूस आनंदात आहे, तर असू दे म्हटलं. आता मात्र मी त्या दगडाजवळ जात नाही, धुणं न्हाणीतच उरकते.

मी यांचे डोळे होणार नाही. यांना डॉक्टरकडे नेईन, औषध घालीन, पेपर वाचून दाखवीन. माश्यांजवळ जाणार नाही. तुम्हाला जे सांगायचं ते त्यांना सांगा. आता मी काही लपवत नाही.

राग नसावा.
आपली,
माया

—

अमरावती,
२ जानेवारी २०२५

चि. देवमन यास,
आशीर्वाद.

अनुपचा काही संबंध नाही. खोटं मी लिहिलं, मायासाठी. दिवाळीआधी तू मोर्शीला गेलास तेव्हा ती तेल्हाऱ्याला नव्हती, दवाखान्यात होती. धुण्याच्या दगडाशी तू चौकट विसरलास. पुन्हा झालं तर ती वाचेलच असं नाही. तू परत आलास तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता आणि तू समोर बसून जेवलास.

सोबत तिचं नोव्हेंबरातलं पत्र पाठवते. ते तुझं तूच वाच, भिंग लावून, कितीही वेळ लागला तरी. तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. त्या ह्यूबरच्या बायकोचं नाव मारी होतं. मलाही परत जाऊन शोधावं लागलं.

ताई

—

अकोट,
२६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
देवमनचा जयभीम.

स्केचपेननं लिहितो आहे, म्हणून एका पानावर चारच ओळी मावतात. कागद फार लागले.

तिचं पत्र वाचायला मला दोन दुपारी लागल्या. मग तिला म्हटलं, इकडं ये, चेहरा दाखव. ती म्हणाली, आता काही नाही, उतरलं सगळं. हात लावून पाहिलं. डोळ्याच्या कडेला अजून गाठ आहे. तीन महिने ती माझ्यासमोर वावरते आहे, ताई. मी रोज पेटीला कान लावून सांगू शकत होतो की आत राणी आहे की नाही.

मोर्शीचे पंजाबराव गुरुवारी संध्याकाळी टेम्पो घेऊन आले. माश्या आत परतल्यावर पेट्यांची तोंडं बंद करून त्या चढवल्या. त्यांचा मळा मोठा आहे, बहरही फुटतो आहे, आबाळ व्हायची नाही. मी हात लावला नाही, नुसता उभा राहिलो. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. शुक्रवारी सकाळी सवयीनं उठून अंगणात गेलो आणि पेट्यांखालच्या नुसत्या विटांना ठेच लागली. घर मुकं झाल्यासारखं वाटतं.

काल दुपारी मी घरात पडलो होतो. अंगणात कोणी खाट ओढली म्हणून उठून गेलो. माया बसली होती. तिनं पदर घेतला नव्हता, केस मोकळे सोडले होते, एवढं मलाही दिसलं. उन्हात नुसती बसली होती, हातात काही काम नव्हतं. चहासुद्धा तिनं तिथंच घेतला, संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी विचारलं, तुले अंगणात बसणं एवढं आवडते, मग आतापर्यंत काहून बसली नाहीस? ती म्हणाली, बसाले जागा कुठी होती.

लोभ आहे तसाच ठेवावा.
तुझा,
देवमन