बद्रीच्या हॉटेलापासून दादाच्या फोनपर्यंत

प्रिय अण्णा,

माझ्या फोनची पक्की समजूत झाली आहे की मी बकऱ्या पाळते. हसू नका! पाटणकर बाजाराच्या मागे, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणारी, गुडघ्यांनी जेरीस आलेली तुमची कुंदा, आणि तिला रोज सकाळी विचारणा होते की जमनापारी घेणार की बारबरी? चारा कुठला घालता? जंतांचं औषध दिलंत का?

पण पत्र लिहायला बसले ते बकऱ्यांपायी नाही, दादापायी. तुमच्या पद्माकरचा उजवा डोळा जायच्या बेताला आला होता. काल त्याच्या घरी जे झालं ते सांगण्याजोगं दुसरं माणूसच मला आठवेना. शिवाय तुम्हाला काही विचारायचंही आहे. तुम्ही हयात असताना हे विचारायचं सुचलं नाही, कारण प्रश्नच काल कळला.

आधी फोन म्हणजे काय ते सांगते. तुमच्या वेळचा तारेचा, भिंतीला टांगलेला नव्हे. हा तळहाताएवढा असतो आणि त्यात रेडिओ, पेपर, टपाल, नाटक, सिनेमा, शेजारणीच्या कागाळ्या सगळं येतं. अंगठ्यानं वर सरकवलं की पुढचं, पुन्हा सरकवलं की त्याच्या पुढचं. खालचं टोक काही लागत नाही. मी तासभर शोधलं, अण्णा!

तुम्हाला ठाऊक आहे, मी उभा जन्म मुलींना विज्ञान शिकवलं. तेव्हा ह्याला माझ्या मनातलं कसं कळतं, हे मला शोधायचंच होतं. दादाची नात ईशा म्हणाली, "कुंदाआजी, मनातलं नाही कळत त्याला. तुम्ही कुठे थांबता ना, वो बस इतना देखता है. जिथे अंगठा थांबला, तेच अजून देतो."

मग मी प्रयोग केला. फोनवर बकऱ्यांचा एक व्हिडिओ लावला आणि तो तसाच चालू ठेवून स्वयंपाकघरात आमटीला फोडणी द्यायला गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवसापासून माझ्या घरी हा कळप आला. अगदी साधं यंत्र आहे. त्याला माझ्यातलं काही कळत नाही, फक्त मी कुठे रेंगाळले एवढं कळतं. हे समजल्यावर मला दोन दिवस फार गंमत वाटली.

गंमत संपली ती दादाकडे बघून. सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर फोन डाव्या डोळ्याशी धरून बसतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकलाय. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, की आता थांबलात तर आतला दाब वाढेल आणि मग गेलेली नजर परत येणार नाही. तरी हा म्हणतो, "थेंबांनी विरघळतो म्हणे. जरा थांबू या."

कोण म्हणे? तर फोन म्हणे! कधीतरी भीतीपोटी एखाद्या व्हिडिओवर त्याचा अंगठा थांबला असेल. माझ्याकडे बकऱ्या आल्या, त्याच्याकडे वैद्य आले. बकऱ्यांनी माझं काही बिघडवलं नाही. ह्या वैद्यांनी मात्र दादाला चार महिने घरात बसवून ठेवलं. सुनेनं विनवलं, मुलगा चिडला, मीही नको ते बोलून गेले. आमच्यातली जुनं ग्वाल्हेर आठवणारी आता आम्हीच दोघं उरलोय, आणि आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

अण्णा, आता तुमच्याकडे येते. ती वर्षं आठवतात ना? आधी संस्थान गेलं, दरबारची कचेरी मध्य भारत सरकारची झाली. मग दरसाल तुमची ती वरात: उन्हाळ्यात राजधानी इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला, आणि तुम्ही फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर जाणार-येणार. आई म्हणायची, "ह्यांच्या सरकारचं बिऱ्हाड पाठीवर आहे." आणि मग एक दिवस मध्य भारतही मोडायचं ठरलं. नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार. बाड्याच्या चौकात दुसरा विषय नव्हता.

बाड्याच्या कोपऱ्यावर बद्रीप्रसादचं चहाचं हॉटेल होतं आणि त्यात फळीवर तो मोठा रेडिओ. कचेरी सुटली की तुम्ही सगळे कारकून तिथे. मी आठ-नऊ वर्षांची. जेवणाची वेळ झाली की आई मला धाडायची, "जा, अण्णांना बोलावून आण."

मला ते काम फार आवडायचं! मी दारात दिसले की बद्री माझ्या हातावर जिलबीसारखी गरम इमरती ठेवायचा. "बैठ जा बिटिया, बाबूजी अभी आते हैं." मी पाय हलवत बाकावर बसायची. कुणी उठायला लागलं की तो रेडिओची खुंटी जरा पिळायचा, खरखर व्हायची आणि तो म्हणायचा, "अरे रुको बाबूजी, दिल्ली से ख़बर बस आनेवाली है." उठलेला माणूस परत बसायचा आणि आणखी एक चहा मागवायचा. तुम्ही मला म्हणायचात, "कुंदे, जरा थांब. आता येईलच." राजधानी ग्वाल्हेरलाच राहणार, ही ती बातमी. सगळे तिची वाट बघत होते आणि ती कधीच आली नाही.

मग तुमची बदली भोपाळला झाली. आईची शाळेतली नोकरी इथली, आमच्या शाळा इथल्या, म्हणून आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहिलो. तुम्ही सणावारी यायचात. माझ्या मॅट्रिकच्या निकालाला तुम्ही नव्हतात. इथून गेल्यावर तुम्ही दादाला थेट मिसरूड फुटल्यावर नीट पाहिलंत, असं आई चिडून म्हणायची. भोपाळ काही सातासमुद्रापार नव्हतं, पण रोजच्या ताटावर तुम्ही नव्हतात.

आणि तिकडून येताना तुम्ही एक विचित्र सवय घेऊन आलात. कुणी काहीही सांगू दे, तुमचं आपलं एकच: "सांगणाऱ्याला काय मिळालं?" पाटील मावशी सांगत आल्या, की अमक्याची मुलगी पळून गेली. तुम्ही शांतपणे विचारलंत, "सांगणाऱ्याला काय मिळालं?" त्या दोन महिने आमची पायरी चढल्या नाहीत! मी एकदा वर्गात पहिली आल्याचं सांगितलं, तरी तुमचा तोच प्रश्न. मी रागानं म्हटलं, "पेढा मिळाला!" तेव्हा तुम्ही केवढे हसलात. आम्हाला वाटायचं, कचेरीत आयुष्य घालवून माणूस जरा संशयी झालाय.

काल मी शेअरच्या टेम्पोनं दादाकडे गेले. भांडायचं नाही, असं घरूनच ठरवून निघाले होते. म्हटलं, "दादा, आज फोनांची अदलाबदल करू. तू माझा बघ, मी तुझा बघते." त्याला नवल वाटलं, पण लहानपणापासून कुठल्याही खेळाला नाही म्हणणारा तो नव्हेच. पाच मिनिटांत ओरडला, "कुंदे, हे काय भरून ठेवलंस? बकऱ्याच बकऱ्या!" आठवड्यानंतर आम्ही प्रथमच एकत्र हसलो.

त्याच्या फोनवर मात्र मला हसू येईना. एक संपतो न संपतो तोच दुसरा. राजधानी पुन्हा ग्वाल्हेरला येणार (हो अण्णा, अजून!), सगळे डॉक्टर लुटारू, आणि मग तो थेंबवाला. कपाळाला गंध, गळ्यात डॉक्टरांची नळी. "ऑपरेशन? रुकिए! असली बात आख़िर में बताऊँगा."

मी म्हटलं, "दादा, ह्याची असली बात तू ऐकलीस का कधी?"

"पूर्ण कुठे बघतो मी? मध्येच दुसरा लागतो."

"मग आज पूर्ण बघू. मी बसते तुझ्याबरोबर."

दादा, मी आणि चहा घेऊन आलेली ईशा, तिघं बघत बसलो. तो माणूस बोलतच होता. आजीचं सांगून झालं, आजोबांचं झालं, हिमालयातल्या कुठल्याशा मुळीचं झालं. आणि शेवटी काय म्हणाला असेल? "असली बात अगले वीडियो में."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सांगणाऱ्याला काय मिळालं?"

दादा खेकसला, "काय मिळणार? बिचारा फुकट सांगतोय."

"फुकट कुठे, आजोबा?" ईशा म्हणाली. "तुम्ही इतका वेळ बसलात ना, वही तो उसकी कमाई है. त्याची पण आणि ॲपवाल्यांची पण. तुम्ही उठलात तर त्यांचं दुकान बंद."

दादानं फोन मांडीवर ठेवला.  मग बद्रीच्या आवाजात, अगदी हुबेहूब, म्हणाला, "रुको बाबूजी, बस आनेवाली है."

अण्णा, इतक्या वर्षांनी बद्रीप्रसाद सिटी सेंटरच्या सोफ्यावर येऊन बसला होता!

आणि मग दादानं ते सांगितलं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याला आईनं सांगितलं होतं. काही कचेऱ्या ग्वाल्हेरलाच राहणार होत्या आणि तिथे कुणाला ठेवायचं ते तुमचे मोठे साहेब ठरवत होते. तुम्ही त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जायला निघाला होतात, माझं नाव इथे ठेवा म्हणून सांगायला. वाटेत बद्रीचं हॉटेल लागलं. राजधानीच इथे राहणार असेल तर साहेबांपुढे कशाला तोंड वेंगाडायचं, अशी आशा प्रत्येकालाच होती. पाच मिनिटं म्हणून बसलात. तुम्ही पोचेपर्यंत साहेब गाडी पकडून भोपाळला गेले होते आणि जागा भरल्या होत्या.

त्या संध्याकाळी तुम्हाला बोलवायला मी आले होते का हो? नक्कीच आले असणार. इमरती खात बसले असणार. मला ती संध्याकाळ वेगळी अशी आठवतच नाही, सगळ्या सारख्याच गोड होत्या.

मी तुमच्यावर थोडी रागावले आहे. सांगायचं होतंत ना! आम्ही तुमच्या त्या प्रश्नाची टिंगल करायचो तेव्हा एकदा तरी म्हणायचं, की बाळांनो, हा प्रश्न मी फार महागात शिकलोय. तुम्ही नुसते हसत राहिलात. लाज वाटली का? का आम्हाला बद्रीचा राग येऊ नये म्हणून?

मला तर त्याचा राग येतच नाही, हे एक आश्चर्य. मी काल रात्रभर विचार केला. बद्री खोटं कधीच बोलला नाही. राजधानी राहिली असं तो एकदाही म्हणाला नाही, बातमी येतेय एवढंच म्हणाला. बाकीचं तुमच्या आशेनं केलं. फोनचंही तसंच आहे. दादाच्या भीतीला त्यानं नुसता बाक टाकून दिला.

पण एक फरक मला सापडला आहे, बरोबर आहे का सांगा. तुम्ही भोपाळला निघालात तेव्हा बद्री स्टेशनवर आला होता, हे मला पक्कं आठवतं. तिळाच्या गजकचा पुडा तुमच्या हातात दिला आणि तुमच्याकडे न बघता म्हणाला, "बाबूजी, रेडियो हटा दूँगा." हटवला नाहीच, हे मी नंतर पाहिलं. तरी स्टेशनवर आला होता. तुम्ही गेलात हे त्याला दिसत होतं. दादाचा डोळा गेला असता तर त्या थेंबवाल्याला आणि ॲपवाल्यांना ते कळलंही नसतं. त्यांना एवढंच कळलं असतं, की एक अंगठा थांबायचा बंद झाला.

दादानं कालच मुलाला हाक मारून डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली. मंगळवारी ऑपरेशन आहे. दबक्या आवाजात मला विचारलं, "कुंदे, दुखेल का गं?" मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारू, दोघं मिळून." ईशा म्हणे, "आजोबा, मैं भी चलूँगी."

तोवर आणि नंतरही काही दिवस त्याला फोन बंद. तेव्हा मी रोज टेम्पोनं जाणार आणि त्याला पेपर वाचून दाखवणार. तो आतापासूनच कुरकुरतोय, की फक्त ग्वाल्हेरचं पान वाच. मी सगळा वाचणार आहे, भाजीच्या भावांसकट.

आणि अण्णा, तुम्हाला एक वचन देते. वाचता वाचता कितीही रंगात आलेलं असो, पुढे काय होणार ह्याची कितीही उत्कंठा असो, स्वयंपाकघरातून जेवायला हाक आली की मी पेपर घडी घालीन, दादाचा हात धरीन आणि आम्ही दोघं पहिल्या हाकेला उठू. तुम्हाला बोलवायला आलेली ती मुलगी फार वेळ बाकावर बसून राहिली होती.

तुमची,
कुंदा