प्रतापकाकांच्या दोन बंदुका

फेल्डहोवन

तीर्थरूप अण्णा,
मंजूचा इथूनच वाकून नमस्कार.

बंदुका साफ करून द्यायचं दुकान आपल्या गावात चालेल का? घरात शिकलेली मी एकटी म्हणून तुम्ही मला विचारलंत, पण मला खरंच सांगता येत नाही. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. सायकलनं ऑफिसला जाते, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

ऑफिसातला माझा डच सहकारी रूड नेमबाजीच्या क्लबात जातो. तो म्हणाला, "आमची बंदूक आम्हीच पुसतो. दुसऱ्याच्या हातात कोण देईल?" आपल्याकडे मात्र निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका गंजून परत येतात, आणि एसआरपीच्या शस्त्रागारात उमर काढलेले तुम्ही एकटेच. पण निवडणूक नसेल त्या वर्षी काय?

आई बोलून गेली, की प्रतापकाकांनी साफ करायला दिलेल्या दोन बंदुका धान्याच्या कोठीमागे आहेत आणि त्यातली एक भरलेलीच आली होती. तुम्ही म्हणे हसलात! अण्णा, परवान्याशिवाय दुसऱ्याची बंदूक घरात ठेवणं गुन्हा आहे, हे तुम्हीच सांगायचात.

दुकानाला माझा विरोध नाही. परवान्यासाठी लागेल ती धावपळ मी करीन.

काल मीच प्रतापकाकांना फोन केला. "अण्णा परवाना मिळाल्यावरच हात लावणार आहेत," असं तुमच्या नावानं सांगितलं. हे पत्र पोचेपर्यंत त्यांनी दोन्ही बंदुका नेल्या असतील, आणि तुम्ही माझ्यावर रागावलेले असाल.

तुमचीच,
मंजू