चार नंबरचं बोअर

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोचले एकदाची! रत्नागिरीहून एसटीने पावस, आणि तिथून रिक्षाने सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी काशीकाकूंच्या घरी; कंपनीने माझी सोय इथेच केलीय. खिडकीतून एकीकडे समुद्र दिसतो, दुसरीकडे वर चढत गेलेला काळा कातळ, आणि मधल्या उतारावर मोहोराने लदबदलेली आंब्याची कलमं. वाडी अगदी खोलगटात आहे, ओंजळीत ठेवल्यासारखी. काकू एकट्याच राहतात, मुलगी रत्नागिरीत दिलेली. हातपाय धुते न धुते तोच त्यांनी ताट वाढलं. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. तीन आठवडे इथे राहायचंय आणि त्याला काम म्हणायचं. मजाच आहे माझी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज प्रकल्प नीट पाहिला. आमची कंपनी जगभरातल्या लोकांचे फोटो न् फाइली मोठमोठ्या यंत्रशाळांमध्ये साठवते. त्या यंत्रांना अखंड वीज लागते आणि त्या विजेपायी धूर होतो. २०३०पर्यंत जेवढं हवेत सोडतो तेवढं परत काढून घेऊ, नेट झिरो होऊ, असं कंपनीने जाहीर केलंय. दोन वर्षं मी पुण्यात बसून आपली कोणती यंत्रशाळा कोणत्या साली समुद्र चढून पाण्याखाली जाईल याचे नकाशे रंगवत होते. इथे पहिल्यांदाच त्यावरचा काही इलाज बघतेय. सड्यावर सहा बोअर आहेत. पंखे हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतात, तो पाण्यात विरघळवून चारशे मीटर खाली कातळात दाबला जातो, आणि तिथे त्याचा दगड होतो. मी आकडे तपासून सही केली की पुढच्या टप्प्यात आणखी चाळीस बोअर.

यंत्र सांभाळतात गंगारामकाका. याच वाडीतले, बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेली. पाइपाला कान लावून दुखणं ओळखतात. बोलतात मोजकं. चार नंबरच्या बोअरपाशी मात्र थांबून म्हणाले, “ह्याच्यावर नजर ठेवा मॅडम. ह्यो खादाड हाय.”

१० फेब्रुवारी, सोमवार

लाइनच्या कामासाठी सकाळपासून वीज बंद. पंखे थांबलेले, पंप थांबलेला. खाली किती गेलं ते मोजणारं चार नंबरचं मीटर मात्र चालूच. बिघडलं असेल म्हणून नवं बसवलं, तर तेही चालूच. शेवटी पाइपाचं बूच काढलं आणि तोंडावर तळहात ठेवला. हात चिकटला. सुटेना. काकांनी दोन्ही हातांनी मनगट धरून मागे खेचलं तेव्हा कुठे सुटला. तळव्यावर निळसर गोल वळ उठलाय.

हे बारा दिवस चाललंय म्हणे. काकांनी रितेशला कळवलं होतं. रितेश म्हणजे आमचा पुण्यातला साहेब, नेट झिरोचं सगळं तोच बघतो. नोंद करत राहा, एवढंच म्हणाला.

११ फेब्रुवारी

मीच रितेशशी बोलले. तो ओरडलाच. “पंप न चालवता? राही, अगं मग दोन वर्षं आधीच पोचतो की आपण!” मीही हसले. आकडे पाठवले. फोन ठेवल्यावर मात्र उगाचच तळहात ओढणीला पुसत बसले.

१३ फेब्रुवारी

घड्याळ घेऊन चार नंबरपाशी बसले. तो सलग ओढत नाही. पाच सेकंद ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. तासभर मोजलं. मग लक्षात आलं की माझा श्वासही त्याच चालीवर पडतोय. मुद्दाम मोडून पाहिला, दोन मिनिटांत पुन्हा तसाच. काकांना विचारलं. त्यांचंही तेच होतंय.

१५ फेब्रुवारी

सकाळी काकूंच्या चुलीचा धूर वर छपराकडे गेलाच नाही. जमिनीलगत सरपटत उंबऱ्याबाहेर पडला आणि कलमांच्या बुंध्यांमधून चढावर गेला. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. काकू म्हणाल्या, “चार दिस असाच जाता गो.” रोजचंच असल्यासारख्या.

१७ फेब्रुवारी

काकूंना धाप लागली. माझ्याजवळच्या यंत्रावर स्वयंपाकघरात प्राणवायू अठरा टक्के. एकवीस हवा. जबरदस्तीने रिक्षात घालून मुलीकडे नेलं. रत्नागिरीत पोचताच ठणठणीत. परत येऊ नका म्हणून बजावलंय.

१८ फेब्रुवारी

रितेशला सगळं सांगितलं. सही करणार नाही म्हटलं. तो शांतपणे म्हणाला की आकडा जाहीर होऊन गेलाय, तू नाहीस तर दुसरं कोणी करेल. लोकांना धाप लागतेय हे दोनदा सांगितलं. कोकणात दमट हवा असतेच, म्हणाला.

काकांना हे कळलं. उद्या चार नंबर सिमेंटने बुजवतो म्हणाले. मी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी

गंगारामकाका गेले.

सकाळी अकराला मी वर पोचले तर पाइपाला टेकून बसलेले. शेजारी सिमेंटची गोणी, न उघडलेली. तोंड उघडं. छाती आत गेलेली — कुणी आतून रिकामी केल्यासारखी. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हटलं छाती बघा. ते म्हणाले हृदय.

२० फेब्रुवारी, सकाळ

आता नऊ सेकंद ओढतो. तो ओढत असताना मला श्वास घेता येत नाही. मधे घ्यायचा. तेवढ्यात लिहायचं —

काशीकाकू परत आल्यात. काकांच्या घरी बसायला. सगळी वाडी तिथेच जमलीये. वाडी सोडा, म्हणून मी हात जोडले. मयताचं घर सोडून कुठे जायचं, म्हणाले.

मीच जाते वर.

बारा वाजून गेले

सड्यावर. गोणी तिथेच आहे. पाणी वाहून आणलं. सिमेंट कालवलं. बूच बसवलं. वर सिमेंट — थांबते —

पाऊण

थांबला.

मीटरचा काटा शून्यावर. छाती भरून हवा. रडले मोठ्याने. रितेशला कळवलं, बुजवलं म्हणून. त्याचे फोन येतायत. घेत नाही.

एक वाजता

काटा उलटा फिरतोय.

पायाखाली कातळ गरम. सिमेंट फुगलंय, तडे — दोन नंबरचं बूच उडालं. पाच नंबरचंही. वास नाही, रंग नाही. सड्यावरचं वाळकं गवत मात्र एकाच दिशेला झोपलंय. उताराकडे.

हवेहून जड असतो कार्बन डायऑक्साइड. खोलगटातच साचणार. वाडीत —

काकूंना फोन. चौथ्यांदा उचलला. पलीकडच्या टेकडीवर पळा म्हटलं, सगळ्यांना घेऊन, आत्ता. त्या म्हणाल्या, “सगळ्यांका झोप येतेय गो राही. जरा पडतो नि मग —”

निजू नका. ओरडतेय मी. निजू नका काकू. फोन चालू आहे. कुणी बोलत नाही.

उतरते. श्वास धरून. कलमांपासून काकांचं अंगण साठ पावलं. तेवढा पुरला तर काकूंना खांद्यावर घालून, नाहीतर निदान दाराजवळच्या कुणा एकाला तरी