सातपाटीच्या वाटेवरची शपथ

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. नोकरी पालघरच्या कचेरीत, रोज संध्याकाळी शिरगावला घरी. मग पत्र कुणी कुणाला लिहायचं? पण काल दुपारी सातपाटीचा कोळी, धर्मा तांडेल आला होता, आणि तो गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुमच्याशी बोलल्याशिवाय उतरेल असं वाटतही नाही. म्हणून लिहितेय.

तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले. हा माणूस आत्ता कशाला आला असेल? ओट्याखाली उभा, बगलेत काहीतरी गुंडाळलेलं. मी त्याला बसा म्हटलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. दूधवाला हसला तरी मी आधी दूध निरखून बघते!

पण मला संशय यावा म्हणून तुम्ही तरी काय कमी केलंत?

निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने तुम्ही मला नको नको केलंत. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, ‘हळद’, ‘तिखट’, ‘धणे’. जशी काही मी तीस वर्षं डोळे मिटूनच फोडणी देत होते! वाडीत केळींना पाणी सोडलं की घड्याळ घेऊन मागे हजर. बाकीचा दिवस ओटीवरच्या खुर्चीत, आणि रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला एकच प्रश्न, ‘कुठे निघालात?’ मी देवाला म्हणायचे, बाबा रे, यांना काहीतरी उद्योग लाव.

आणि मग एका सोमवारी तुम्ही कचेरीत जायच्या वेळेला दाढी केलीत, छत्री घेतलीत, आणि पालघरला वाचनालयात जातो म्हणून निघालात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चेहरा कसा तुकतुकीत! न्हाणीघरात गुणगुणणं सुरू झालं. तीस वर्षांत मी तुमचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. कुठल्या बाईला शंका येणार नाही?

‘आज पेपरात काय लिहिलंय?’ मी विचारायचे.

‘नेहमीचंच,’ तुम्ही म्हणायचात.

तारापूरला अणुशक्तीचं केवढं मोठं काम निघालं, सगळ्या गावाच्या तोंडी तेच, आणि रोज वाचनालयात जाणाऱ्या तुम्हाला ते माझ्याकडून कळलं! मग मी लक्ष ठेवायला लागले. तुमच्या सदऱ्याला सुक्या बोंबलाचा वास. बोटांवर बारीक चिरा. आणि एक दिवस तुमची बोटं लालसर तपकिरी, मेंदी उतरत आल्यासारखी. विचारलं तर म्हणालात, पान खाल्लं, चुना-कात लागला असेल. तुम्ही आणि पान? लग्नातला विडासुद्धा तुम्ही हळूच माझ्या हातात दिला होतात.

वाचनालयाच्या उलट्या दिशेला, सातपाटीकडे वळताना तुम्हाला शेजारणीने पाहिलं, तेव्हा मात्र मी डोक्यावर पदर घेतला आणि निघाले.

बंदरावर एक मासेवाली भेटली. ‘कोनाला शोधते, बाय?’ आता तुमचं नाव मी कसं घेणार? उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. मी म्हटलं, कचेरीतून निवृत्त झालेले एक जण, चष्मा लावतात, काळी छत्री असते. ती हसली. म्हणाली, ‘ते काय, त्या निल्या दाराच्या घरात हायेत. रोज तिथंच जेवतात.’

निळ्या दाराला काळी छत्री टांगलेली होती. आतून एका बाईचं हसणं ऐकू आलं आणि ताटलीचा आवाज. मला वाटलं, दार ढकलावं. पण आत तुम्ही दिसलात तर मी काय करायचं? मी तशीच मागे फिरले. अहो, चार पावलं पुढे जाऊन आत डोकावले का नाही मी?

संध्याकाळी तुम्ही आलात, पाय धुतलेत, आणि मी चुलीजवळूनच सांगितलं, ‘पुन्हा सातपाटीची वाट धरलीत, तिथल्या कोणाशी एक शब्द जरी बोललात, तर माझं मेलेलं तोंड बघाल.’

का, ते मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत. नुसतं म्हणालात, ‘बरं.’ ते ‘बरं’ म्हणजे मला कबुलीच वाटली! निर्दोष माणूस भांडला असता, ओरडला असता. तुम्ही का नाही ओरडलात? निदान खोटं तरी धडपणे बोलायचं होतं.

तुम्ही शब्द पाळलात. छत्री कोपऱ्यात गेली. पुन्हा ओटीवरची खुर्ची, पण आता रस्त्यावरच्या कुणाला ‘कुठे निघालात’ विचारणंही बंद. दाढी चार-चार दिवस तशीच. केळींच्या पाण्याकडे बघेनात. वैद्य म्हणाले, काही रोग नाही. वर्ष पुरतं झालं नाही आणि तुम्ही झोपेतच गेलात. लोक म्हणाले, सुटले. त्या दिवशी स्मशानाच्या कडेला पाचसहा कोळी लांब उभे होते. मला तेव्हाही वाटलं, हे कशाला आलेत? ती बाईही आली असेल का?

आणि काल हा धर्मा. बगलेतली गुंडाळी त्याने ओट्यावर सोडली. जुन्या जाळ्याचा तुकडा होता तो, हातभर.

‘भाऊच्या हाताचा हाय,’ तो म्हणाला. ‘आता नायलॉनची जाली आली, जुनी काडून टाकली. ह्यो तुकडा मी ठेवला. तुमाला द्यावा म्हटलं.’

मी म्हटलं, ते कारकून माणूस, जाळं कुठून विणणार?

मग त्याने सांगितलं. दर्यावर जायचं वय सरलेले सहा-सात म्हातारे बंदरावरच्या मांडवात बसून फाटकी जाळी नीट करतात. तुम्ही एकदा चालत चालत तिथं पोचलात, बघत उभे राहिलात. धर्माने गमतीने बांबूची सुई तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही खाली मांडी घातलीत. पोरांचे अर्ज लिहून द्यायचात, हवेवरून पैजा लावायचात, आणि झाडाची साल उकळून जाळी रंगवायच्या दिवशी बाह्या सारून त्यांच्याबरोबर हात बुडवायचात. मला घरी का सांगितलं नाही? तर म्हणे, बायको म्हणेल अव्वल कारकून होऊन जाळी शिवतोय.

म्हटलंच असतं! त्यात काय खोटं?

तरीही माझा विश्वास बसेना. मग मी तुकडा उचलून नीट बघितला. प्रत्येक गाठ दुहेरी. कचेरीचं दप्तर बांधायचात तशी, लेंग्याची नाडी बांधायचात तशी, आणि मग सुटेना म्हणून मला हाक मारायचात तशी. धर्मा म्हणाला, ‘आमी हसायचो. पन भाऊची गाठ कवाच सुटली नाय.’

मी जमिनीकडे बघत विचारलं, त्या निळ्या दाराच्या घरात दुपारी कोण जेवतं?

‘तो म्हातारा? त्या बाईचा बाप. वसईकडं कचेरीत होता. नोकरी सरली, लेकीकडं येऊन रायला. भाऊसारकीच काली छत्री घेऊन फिरतो.’

बाप! लेक बापाला जेवायला वाढत होती, हसत होती. आणि मी माझ्या हाताने तुम्हाला त्या खुर्चीत बसवून ठेवलं, अहो.

मी रडले असते, पण धर्माच पुढे म्हणाला, ‘वैनी, एक विचारू? भाऊ यायचा बंद का झाला? बाजारात भेटला तर तोंड फिरवून गेला. आमाला वाटला, आमच्या वासाची लाज वाटली त्याला. म्हनून मयतीलाबी आमी लांबच उबे रायलो.’

आणि मी काय केलं माहीत आहे? खोटं बोलले. म्हटलं, त्यांचे गुडघे दुखायचे, चालवत नव्हतं. धर्माने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, ‘बाजारात तर चांगला झपाझप चालत होता.’ आणि निघून गेला. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतलेली बाई मी. दुसऱ्याच्या डोळ्यांतला संशय मला लगेच ओळखू येतो. ते सगळे म्हातारे आजही तुम्हाला तोंड फिरवणारा माणूस समजतात. तुम्ही माझा शब्द मोडला नाहीत, म्हणून.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली आहे. नावा सुटायच्या आत सगळी जाळी नीट करून व्हायला हवीत, म्हणजे मांडवात सगळे असतील. उद्या सकाळी, तुम्ही निघायचात त्याच वेळेला, मी जाणार आहे. त्या सगळ्यांसमोर सांगणार आहे की शपथ मी घातली होती, आणि लाज वाटली असेल तर ती मला. त्यांनी बसायला सांगितलं तर त्यांच्यात खाली बसेन. नाही सांगितलं, तर उभ्यानेच सगळं सांगेन, आणि त्यांचा विश्वास बसेपर्यंत रोज जाईन.

तुमची,
मथुरा