प्रॉम्प्टरचं ऐकणारा

व्हिटबी,
रविवार, ५ डिसेंबर १९५४

प्रिय हिल्डाताई,

तुमचा खोकला आता कसा आहे? लीड्सच्या धुक्यात सकाळी बाहेर पडू नका म्हटलं तरी तुम्ही चॅपलला जाणारच, हे मला माहीत आहे. निदान तो जाड मफलर तरी गुंडाळा.

वर व्हिटबीचं नाव बघून दचकू नका. एथेलमावशीचा गुडघा पुन्हा धरलाय, म्हणून चार दिवस मदतीला आले आहे. मावशी मजेत आहे. समोरच्या धुरीखान्यात धूर द्यायला दिवसभर हेरिंग मासे टांगलेले असतात आणि त्यांच्या वासानं सकाळी मला काही खाववत नाही. बाकी ठीक.

नाटक कसं झालं आणि वॉल्टर पत्राला उत्तर का देत नाही, असं तुम्ही विचारलंत. नाटक छान झालं. हॉल भरला होता. तुमच्या भावानं टाळ्या घेतल्या.

एवढ्यावर थांबणार होते. पण वॉल्टरला तुम्ही लहानाचा मोठा केलात, म्हणून तुम्हाला अर्धवट सांगणं बरं नाही.

यंदा आमच्या मंडळानं ती मोठी शोकांतिका धरली. तीच, ज्यात एक हाताखालचा अधिकारी सेनापतीच्या मनात त्याच्या बायकोबद्दल संशय भरतो. चॅपलमध्ये गायकवृंद चालवणारे क्लिफर्ड हेग सेनापती झाले आणि तो विषारी अधिकारी झाला वॉल्टर. पहिल्याच वर्षी एवढी भूमिका! कापडदुकानातल्या सिरिलला ती हवी होती. तो बिचारा मंडळात जुना, पण आवाज बारीक. त्याला दिलं प्रॉम्प्टरचं, अडलेल्याला वाक्य पुरवायचं काम. "कुणीतरी विंगेत उभं राहायलाच हवं की," असं म्हणून तो हसला आणि अभिनंदनाला वॉल्टरचा हात त्यानंच सगळ्यांआधी हातात घेतला.

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम. मी बटाटे सोलत सेनापतीची वाक्यं वाचायची आणि वॉल्टरनं मला फसवायचं. एकदा मला म्हणाला, "मॉड, यातली खुबी बघ. हा माणूस खोटं बोलतच नाही. बोलता बोलता नुसता थांबतो. पुढचं सेनापती आपलं आपणच भरून घेतो. गाढव आहे तो सेनापती!"

हे त्याचे शब्द, हिल्डाताई. आता माझा जीव का जळतो ते बघा.

क्लिफर्डना डाव्या कानानं ऐकू येईनासं झालंय आणि उजवाही चाललाय. हे चॅपलमध्ये कळलं तर गायकवृंद हातचा जाईल, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्टेजवर दुसऱ्यांची वाक्यं ऐकू येत नाहीत, तर ओठांकडे बघून आपलं वाक्य केव्हा घ्यायचं, हे त्यांना घोटून हवं होतं. मला विचारलं, कारण सगळं नाटक मला पाठ झालं होतं. बाजारच्या दिवशी चहाच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही बसायचो. कुणाला सांगणार नाही, असा शब्द मी दिला होता.

सिरिलनं काचेतून आम्हाला पाहिलं. तो वॉल्टरला काय म्हणाला असेल? काहीच नाही! "मॉडवहिनींना चहा भलताच आवडतो वाटतं," असं म्हणाला आणि थांबला. वॉल्टरनं खोदून विचारलं तर म्हणे, "जाऊ दे रे, मी उगाच बोललो."

झालं. माझा नवरा मुका झाला. माझी पर्स उघडून बघायला लागला. मी कोट घातला की घड्याळ बघायचा. शेवटी मी शब्द मोडला आणि कानाचं सगळं सांगितलं. वाटलं, आता हसेल, स्वतःला चार शिव्या घालेल.

तो म्हणाला, "सिरिल म्हणालाच होता, तू कानाचं कारण सांगशील."

"म्हणजे?"

"तो विंगेतून कुजबुजतो ते क्लिफर्डला छान ऐकू येतं. सिरिलला ठाऊक नसेल तर कुणाला?"

मी हातातलं भांडं आपटलं. भिंतीशी बोलावं तर ती निदान उलट उत्तर देत नाही. क्लिफर्डना ऐकू येत नाही हे सगळ्यांआधी कळलं होतं त्या सिरिललाच! आणि माझं खरं माझ्या तोंडून निघायच्या आधीच त्यानं नासवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. फडक्यानं काउंटर पुसत तो गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, मी तर वॉल्टरला सारखं सांगतो, बायकोवर विश्वास ठेव म्हणून." अशा माणसाच्या तोंडावर काय फेकून मारायचं?

प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या अंकात क्लिफर्ड अडले. सिरिल विंगेतून कुजबुजला. क्लिफर्ड तसेच उभे. तो पुन्हा बोलला, मोठ्यानं. चौथ्या रांगेत मलासुद्धा ऐकू आलं. पुढे कुणीतरी फिसकन हसलं. क्लिफर्डच्या चेहऱ्यावर घाम. वॉल्टर त्यांच्या शेजारीच होता. त्यानं विंगेकडे पाहिलं, क्लिफर्डकडे पाहिलं, आणि मला दिसलं, त्याला कळलं. तो पटकन त्यांच्यासमोर आला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून ओठांनी वाक्य दिलं. नाटक पुढे सरकलं.

घरी आल्यावर तो रडला. "मी गाढव, मॉड. सिरिलची मान मुरगाळतो." मी म्हटलं, मुरगाळू नकोस, चहा पी. क्लिफर्डनी दुसऱ्याच दिवशी आपण होऊन चॅपलला सांगितलं आणि गायकवृंद सोडला. सिरिल अजून कापड मोजतोय. लोक त्याला म्हणतात, बरं झालं तू मोठ्यानं सांगितलंस.

मग तू व्हिटबीला का, असं तुम्ही विचाराल. मावशीचा गुडघा ठणठणीत आहे.

हिल्डाताई, मला दिवस गेलेत. लग्नाला अकरा वर्षं झाली. तुम्हीसुद्धा विचारायचं सोडून दिलं होतंत. मेमध्ये होईल, असं डॉक्टर म्हणतात. नाटकाच्या आधीच्या आठवड्यात मी वॉल्टरला सांगितलं. धावत घरी आले होते, टोपीसुद्धा काढली नव्हती. तो टेबलाशी बसला होता. त्यानं बोटांवर महिने मोजले. माझ्यासमोर. आणि म्हणाला, "कुणाचं?"

बाकी सगळ्याची त्यानं माफी मागितली. पर्सची, घड्याळाची, चहाच्या दुकानाची. याचं नावच काढलं नाही. शेवटी मीच काढलं, तर म्हणाला, "ते सिरिलनं माझ्या डोक्यात घातलं होतं गं, ते मी नव्हतो." सिरिल काय आमच्या स्वयंपाकघरात उभा होता? शब्द कुणी का पुरवेना, बोललं कोण?

आणि दुसरं असं. सिरिलचं त्यानं पुराव्याशिवाय मानलं. माझं मात्र भरलेल्या हॉलमध्ये डोळ्यांनी पाहिल्यावर. उद्या असा पुरावा मिळाला नाही, तर? मूल सावळं झालं, त्याच्यासारखं दिसलं नाही, किंवा गाणारं निघालं, तर?

तो इथे येऊन गेला. मावशीनं दारातूनच परत पाठवला. मी वरच्या खिडकीत होते. पावसात बराच वेळ उभा होता. वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. पण मी खाली गेले नाही.

तुम्ही या. नाताळात या, मावशीकडे जागा आहे. मला तुम्हाला बघायचंय. पण त्याला बरोबर आणू नका आणि त्याचा निरोपही नको. त्याला काही सांगायचं असेल तर ते त्यानं स्वतःला सुचलेल्या शब्दांत, स्वतःच्या तोंडानं सांगावं. मी ऐकेन. मग काय करायचं ते मी ठरवीन.

तुमची भावजय, अजून तरी,
मॉड