खालची अक्षरं

बाबा, दोनेक आठवड्यांपूर्वी ऑफिसात एका माणसाने माझंच एक जुनं वाक्य मला ऐकवलं. ते माझं आहे हे त्याला माहीत नव्हतं. विमानतळाशेजारच्या मिहानमधल्या या कंपनीत मला पाच वर्षं झाली. आम्ही शिकवणीच्या व्हिडिओंचं एक ॲप बनवतो. ज्यांच्याकडे नेट सतत नसतं ते लोक व्हिडिओ आधी फोनमध्ये उतरवून घेतात आणि सवडीने पाहतात. हे उतरवणं जुन्या फोनांवर नीट चालतं की नाही ते तपासणं हे माझं काम. नवा फोन तपासायला सगळे तयार असतात, जुने माझ्याकडे येतात. त्या आठवड्यात एक दोष सापडला. जुन्या फोनवर व्हिडिओ उतरतो, चित्र दिसतं, आवाज येतो, पण बोललेलं खाली अक्षरांत यायला हवं ते येत नाही. मी नोंद केली आणि दोष गंभीर असल्याचं लिहिलं. आमच्या टीम लीडने खुर्ची फिरवली आणि म्हणाला, "अगं, आवाज तर येऊन राहिला ना? मग अक्षरं कशाला पाहिजेत? किरकोळ म्हणून टाक अन् सोड. शुक्रवारी रिलीज आहे." मी म्हटलं, बघते. मग उठून खिडकीपाशी गेले आणि एक विमान उतरेपर्यंत तिथेच उभी राहिले.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी तुमच्याशी मनातसुद्धा फारसं बोललेले नाही. आई बोलते, तुमच्या फोटोसमोर मेणबत्ती लावताना दिवसभराचं सगळं सांगते. मला ते जमत नाही. पण शुक्रवारच्या आत मला त्या दोषाबद्दल ठरवायचं होतं, आणि ठरवताना सारखे तुम्ही समोर येत होतात, पापण्यांवर पीठ बसलेले, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून पाहणारे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी मराठीतून भाषण केलं होतं, धान्यातली ओल मोजणाऱ्या माझ्या छोट्या यंत्राबद्दल. नऊ मिनिटांचं भाषण. दुसरा नंबर आला आणि आयोजकांनी व्हिडिओ नेटवर टाकला. त्यांच्यातल्या एका मुलीने माझं प्रत्येक वाक्य ऐकून हाताने टाइप केलं होतं, ते खाली उमटायचं. हे तुम्हाला दळण घेऊन येणाऱ्या एका शाळेच्या मॅडमनी सांगितलं. त्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन चक्कीवर आले तेव्हा तुम्ही पट्टा उतरवून छिन्नीने चक्कीच्या दगडाला टाकी मारत बसला होतात. हात पुसून तुम्ही खिशातून फोन काढला. चार जीबीचा फोन, त्यातली अर्धी जागा फोननेच खाल्लेली, पडद्याच्या कोपऱ्यात तडा. म्हणालात, "तुहा तो व्हिडिओ माह्या फोनमधी भरून दे न वं. त्याच्यात खाली अक्षरं येतात म्हणे."

मी म्हटलं, "आवाज येते न बाबा. अक्षरं कशाले पाहिजे?"

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हो, तेही बरोबर हाय."

तांत्रिक बाजू मला तेव्हाही पक्की माहीत होती. ती अक्षरं व्हिडिओच्या आत नसतात, वेगळ्या फाइलमध्ये असतात. नुसता व्हिडिओ उतरवला की ती मागे राहतात. तुमच्या फोनवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, म्हणून ती फाइल देऊनही उपयोग नव्हता. पण अक्षरं चित्रातच उमटवता येतात, मग कुठल्याही फोनवर ती दिसतातच. कॉलेजच्या लॅबमध्ये वीस मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. सगळ्यात लहान आकाराचा व्हिडिओ उतरवला, केबल लावून तुमच्या मेमरी कार्डात टाकला आणि फोन परत दिला. तुम्ही तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलात आणि खिशाला सेफ्टी पिन लावलीत. चक्की सुरू असताना पट्ट्यात काही जाऊ नये म्हणून तुमची ती सवय.

त्यानंतर तुम्ही तो किती वेळा पाहिलात ते मी मोजलं नाही. दुपारी लाइट गेली की पोत्यावर बसून पाहायचात, असं आई म्हणायची. माझ्याशी मात्र त्याबद्दल एक शब्द नाही. चौथ्या मिनिटाला त्या भाषणात तुम्ही आहात. दाणा दाताखाली फोडून तुम्ही ओल सांगता आणि माझ्या यंत्राचे आकडे मी आधी त्याच्याशी ताडून पाहिले, असं मी तिथे सांगितलं आहे. ते ऐकून तुम्ही काहीतरी म्हणाल अशी मी रोज वाट पाहत होते. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले.

बुद्ध पौर्णिमेला घरी खिरीला सगळे आले. मे महिना, कूलर घरघरत होता. तुम्ही पिन काढून फोन बाहेर काढलात आणि आत्यासमोर धरलात. "पाहाय, माही पोरगी. केवढ्या लोकाईसमोर उभी हाय." आत्या पडद्यात डोळे घालून म्हणाली, "दिसून तं राहिली, पण बोलून काय राहिली गा? अवं, कोणी तो कूलर बंद करा न दोन मिनिट." काका म्हणाले, "भाषणापाई जीव घेतं का आमचा?" सगळे हसले, तरी कोणीतरी कूलर बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली आणि माझा बारीक, पत्र्यासारखा आवाज त्या फोनमधून यायला लागला. तिसरं मिनिट चालू होतं. मी पुढे झाले, तुमच्या हातातून फोन घेतला आणि व्हिडिओ थांबवला.

"बाबाईलेच विचारा न," मी आत्याला म्हटलं. "रोज पाहतात ते. सांगा बाबा, चौथ्या मिनिटाले काय आहे?"

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होतात. मग हसलात. "चांगलंच हाय सगळं," म्हणालात.

"म्हंजे नुसतं चित्रच पाहतं का गा तू?" आत्या म्हणाली आणि पुन्हा हशा झाला. आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हटलं, "पाहत नाहीत ते. दाखवतात फक्त."

तुम्ही माझ्याकडून फोन घेतलात, खिशात ठेवलात, पिन लावलीत. मग बादली उचलून कूलरमध्ये पाणी भरायला बाहेर गेलात. टाकी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं तरी ओतत होतात. त्यानंतर तुम्ही तो फोन माझ्यासमोर कोणाला दाखवला नाहीत. डिसेंबरात छातीत दुखायला लागलं, दोन दिवस दवाखाना, आणि तुम्ही गेलात. त्या सात महिन्यांत आपण अनेक गोष्टी बोललो, माझ्या मुलाखती, आईचा गुडघा, चक्कीची मोटर. ही नाही.

कानाच्या तपासणीचा कागद चक्कीच्या परवान्यासोबत एका पत्र्याच्या डब्यात सापडला. तुम्ही गेल्यावर महिन्याभराने मी कागदपत्रं लावत होते. त्यावर एक आलेख होता, लाल आणि निळी अशा दोन रेषा, डावीकडून उजवीकडे उतरत जाणाऱ्या. आलेख वाचायला मला कोणाची गरज लागत नाही. बारीक, उंच स्वर जवळजवळ संपलेले होते. आधी तेच जातात, म्हणजे बायकांचे आणि मुलांचे आवाज. तारीख माझ्या भाषणाच्या दोन वर्षं आधीची होती.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. म्हटलं, "तुले माहीत होतं?"

"मले नाही तं कोणाले राहीन?"

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"त्याईनंच सांगतलं होतं, पोरीले नोको सांगू. गिऱ्हाईक आधीच म्हणते पीठ जाड आलं, वजन कमी भरलं. बहिरा म्हटलं तं आणखी एक भेटलं त्याईले बोलाले." तिने भाकरी तव्यावर टाकली. "अन् चक्कीवर तं सारेच ओरडतात. कोणाले कळत होतं तिथं?"

मला कळायला हवं होतं. गिऱ्हाइकाने सांगितलेलं तुम्ही प्रत्येक वेळी प्रश्नासारखं परत म्हणायचात. "ज्वारी, बारीक?" "गहू, जाडसर, संध्याकाळी?" मला ती तुमची लकब वाटायची. तो पडताळा होता. मिळालेला संदेश बरोबर पोचला का, हे पाहण्याची हीच रीत आम्ही यंत्रांना शिकवतो. माझ्या घरात ती रोज चालू होती आणि मी डबा ठेवून निघून जात होते. आई आणखी एक म्हणाली, मी विचारलेलं नसताना. "त्या फोनमधी तुह्या तोंडाकडे पाहत राहाचे. म्हणे, ओठ नीट दिसत नाही वं." नंतर मी हिशेब केला. त्या आकाराच्या व्हिडिओत, स्टेजवर उभ्या माणसाचं तोंड म्हणजे फार तर पाच-सहा ठिपके.

शुक्रवारच्या आधीच्या बैठकीत लीडने माझा दोष पडद्यावर लावला आणि विचारलं, एवढ्याशा गोष्टीसाठी रिलीज का थांबवायचं. मी आकडे काढून ठेवले होते, ते वापरलेच नाहीत. मी म्हटलं, "माझ्या बाबांची चक्की होती. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि ते मला माहीत नव्हतं. मी त्यांना एक व्हिडिओ असाच अक्षरांशिवाय दिला होता." ऑफिसात तुमच्याबद्दल मी पहिल्यांदाच बोलले. लीड म्हणाला, "सॉरी यार, आधी सांगायचं ना." रिलीज आठवडाभर पुढे गेलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने न मागता कॉफी आणून दिली. मी ती प्यायले.

दोष दुरुस्त होऊन आला तेव्हा तपासायला खाली मराठी अक्षरं असलेला व्हिडिओ हवा होता. मी माझाच शोधला. अजून आहे, फारसा कोणी पाहत नाही. ऑफिसच्या जुन्या फोनांच्या कपाटात तुमच्याच फोनचं मॉडेल आहे, त्यावर उतरवून घेतला, नेट बंद केलं आणि आवाजही बंद केला. तुम्ही पाहिला असतात तसा पाहिला. मराठी लिपी आता ॲपच सोबत आणतं, म्हणून अक्षरं बरोबर येतात, एकही चौकोन नाही. चौथ्या मिनिटाला दोन ओळी आल्या. "आमच्या भागात एक चक्कीवाले आहेत. ते दाणा दाताखाली फोडून ओल सांगतात."

एक चक्कीवाले. बाबा, तिथे 'माझे बाबा' हे शब्द नाहीत. पुढच्या रांगेत परीक्षक होते, माझ्या वर्गातली मुलं होती, कोणाचे वडील डॉक्टर, कोणाचे प्राध्यापक. लिहून नेलेल्या भाषणात 'माझे बाबा' होतं, स्टेजवर मी ते बदललं. तुम्ही अक्षरं मागितलीत तेव्हा मला वीस मिनिटांचा कंटाळा आला नव्हता. ऐकलेलं एकदा निसटून जातं, लिहिलेलं थांबवून पुन्हा वाचता येतं, एवढाच विचार मी केला होता. पंधरा दिवस तुम्ही काही बोलला नाहीत तेव्हा मला वाटलं, तुम्ही ऐकलंत आणि दुखावलात. कूलर बंद झाला तेव्हा चौथं मिनिट सगळ्यांनी ऐकू नये म्हणून मी फोन घेतला, आणि तुम्ही ते ऐकलंय का हे पाहायला तो प्रश्न विचारला. आणि तुम्हाला काहीच माहीत नाही हे कळल्यावर मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी तुम्हालाच बोलले.

बैठकीत यातलं काही मी सांगितलेलं नाही. तिथे मी बहिऱ्या बापाची मुलगी होते, आणि ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. हे तुम्हाला लिहून मी काही मागत नाही. हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता आलं.

आईला मी दिवाळीत नवा फोन घेऊन दिला. रविवारी ती म्हणाली, "तुह्या बाबाजवळ होता न तुह्या भाषणाचा व्हिडिओ, तो भरून दे न मले. मी चष्मा लावून वाचतो खालचं." मी तिला सांगितलं, तो आता नेटवर नाही.