घासलेलं घुबड

ट्रॉय, मिशिगन
१२ नोव्हेंबर २००५

चि. शुभास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या आधी आई चांदी घासायची तो आवाज तुला आठवतो का? ओल्या बोटांवर रांगोळी घेऊन, खर्र खर्र. मला हल्ली तो दुपारचा ऐकू येतो. तेव्हा घरात कुणी नसतं.

बाकी ठीक. गुडघे कुरकुरतात. ऋषी आणि सूनबाई आपापल्या ऑफिसात. झाडांची पानं गळून संपली. तुझी मागची खोली अजून रिकामीच आहे ना? सहज विचारतोय.

शेजारच्या पानोसबद्दल मागे लिहिलं होतं. ग्रीक म्हातारा, बायको गेलेली, जुनी नाणी जमवतो. इथं आल्यापासून रोज दुपारी मी त्याच्याकडे. तो मखमलीवर एकेक नाणं ठेवणार आणि गोष्ट सांगणार. कॉरिंथच्या नाण्यावर पंखांचा घोडा. त्यानं खूर आपटला तिथं झरा फुटला, त्याचं पाणी प्यायलं की कविता सुचते म्हणे. मग मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणायच्या. त्याला शब्द एक कळत नाही, पण टेबलावर ताल बरोबर धरतो.

अथेन्सच्या नाण्यावर घुबड असतं, त्यांच्या विद्येच्या देवीचं. आमच्याकडे ते लक्ष्मीचं वाहन, असं मी म्हणालो, तर गडी इतका खूश झाला की पूजेसाठी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, घुबड देव्हाऱ्यात? घरावर बसलं तरी लोक हाकलतात." आम्ही हसलो.

आता मघापासून टाळतोय ते लिहितो. नाणं काळपट होतं. लक्ष्मीपुढे काळी चांदी कशी मांडायची? आईसारखं रांगोळीनं घासलं, लखलखीत केलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत परत नेलं.

पानोसनं ते खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ. मग म्हणाला, "मनोहर, तू त्याची वर्षं धुऊन टाकलीस."

जुन्या नाण्यावरचा तो काळेपणाच जपायचा असतो, शुभा. मला काय ठाऊक. काळं दिसलं की घासायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं.

त्यानंतर मी गेलो नाही, त्यानं बोलावलं नाही. ऋषी म्हणतो, सॉरी म्हणून टाका, विषय क्लोज करा. पण एवढ्या मोठ्या देशात माझं ऐकून घेणारा एकच माणूस होता गं. आता कुणासाठी राहू इथं? फार दमलोय. खोली झाडून ठेव. तिकिटाचं आज ऋषीशी बोलणारच आहे.

बेल वाजली म्हणून मध्येच उठलो होतो. दारात पानोस. त्याला पायऱ्या चढवत नाहीत, आमच्याकडे तो कधीच आलेला नाही. अंगात कोट नाही, धाप लागलेली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानंच थांबवलं.

"माझ्या घरात फार शांत झालंय," म्हणाला.

समोर खुर्चीत बसलाय, अजून धाप ओसरलेली नाही. चहा टाकतो. ऋषीला आज तिकिटाचं काही सांगत नाही.

तुझा, अजून इथलाच,
मनोहरदादा